भिंत, दोर आणि घडीची खुर्ची

१९३७ साली पुण्याच्या डेक्कन जिमखाना क्लबात योगासनं शिकवायला एक नवा मास्तर आला. मास्तर म्हणायचं, पण वय अठरा. अंगानं पाप्याचं पितर. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशी दुखणी एकापाठोपाठ एक काढलेली. मराठीचा गंध नाही, इंग्रजी कामापुरतं. समोर बसलेले विद्यार्थी त्याच्याहून वयानं मोठे, शिकलेले, खेळून-पोहून कमावलेल्या अंगाचे. अशा मंडळींना या पोरानं शिकवायचं कसं? तर स्वतः करून दाखवून. शरीर वाकवायचं, वळवायचं, उलटं उभं करायचं आणि समोरच्यांचे डोळे विस्फारले की आजचा वर्ग पार पडला असं मानायचं.

बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांच्या शिक्षकीची सुरुवात ही अशी झाली. जन्म १४ डिसेंबर १९१८, कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूर गावी, इन्फ्लुएन्झाच्या साथीत. १९३४ साली मैसूरला बहिणीच्या यजमानांकडे, म्हणजे टी. कृष्णमाचार्यांकडे, ते राहायला गेले. तिथं आसनं शिकवली गेली ती प्रात्यक्षिकांत चमकण्यासाठी. बेळगावला सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. व्ही. बी. गोखल्यांनी असंच एक प्रात्यक्षिक पाहिलं आणि त्यांच्या खटपटीनं हा मुलगा सहा महिन्यांच्या बोलीवर पुण्यात आला. बोली वाढत वाढत तीन वर्षांवर गेली. पुढं क्लबाची नोकरी संपली, तेव्हा सायकल मारत घरोघरी शिकवण्या धरल्या. जेवणाचीही ददात पडावी असे ते दिवस होते.

या प्रकरणात मला हाच माणूस का घ्यावासा वाटला ते सांगतो. ‘निरोगी वृद्धत्व’ हा शब्द आता सरकारी पत्रकांत आणि इस्पितळांच्या जाहिरातींत सर्रास दिसतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशकच त्याच्या नावे केलंय. आपल्या आज्यांकडे त्यासाठी जुना, नेमका शब्द होता: हातीपायी धड. देवानं हातीपायी धड असताना न्यावं, एवढंच त्यांचं मागणं. रोग नसणं हे त्या मागण्यात नाही. कुणाच्या आधाराशिवाय उठता यावं, न्हाणीघरात जाता यावं, देवळाच्या पायऱ्या चढता याव्यात, हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५च्या अहवालात हीच व्याख्या केली. आजार किती यापेक्षा माणसाला काय करता येतं याला महत्त्व दिलं. मग प्रश्न असा येतो, की तरुणांना घाम काढून शिकवणारा व्यायामशिक्षक या हातीपायीच्या शिक्षणापर्यंत पोचतो कसा? बहुतेक जण पोचत नाहीत. अय्यंगार पोचले, आणि त्यांची वाट पुण्यातच, आपल्या डोळ्यांसमोर आखली गेली.

त्यांची एक गोष्ट फार सांगितली जाते. १९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट झाली. ठरलेल्या पाच मिनिटांची भेट काही तास लांबली. मेन्युहिन त्यांना १९५४ साली स्वित्झर्लंडला घेऊन गेले, आणि त्या ओळखीतून पुढं बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ त्यांच्या शिष्या झाल्या. राजमातेनं ऐंशीच्या घरात शीर्षासन केलं. ही गोष्ट ऐकून लोक थक्क होतात, आणि मला नेमकी तिचीच भीती वाटते. ती ऐकून एखादे सत्तरीचे काका सकाळी पलंगाशेजारी डोक्यावर उभे राहू पाहतील. हाडं ठिसूळ झालेल्या माणसानं असं काही करणं म्हणजे मानेचा मणका पणाला लावणं. काचबिंदू असेल, रक्तदाब चढा असेल तर आणखीच. राजमातेला शिकवणारा हात कुणाचा होता, हे अशा गोष्टींत गळून जातं.

दुसरी गोष्ट कमी ऐकिवात आहे आणि माझ्या मते ती कितीतरी मोठी. पुण्यातल्या त्या पहिल्याच वर्षांत पंच्याऐंशीच्या पुढंमागं असलेले एक गृहस्थ त्यांच्याकडे शिकायला होते. आजारानं इतके खंगलेले, की उभं राहण्याचं त्राण नाही. अय्यंगार नंतर सांगत, की मी त्यांना जमिनीवर निजवून आसनं शिकवली. अठरा-वीस वर्षांच्या मुलासमोर पंच्याऐंशीचा विद्यार्थी! इथं करून दाखवण्याचा काही उपयोग नव्हता. मास्तर कितीही लवचीक असला तरी त्या अंथरुणावरच्या माणसाला त्याचं काय? त्याच्यासाठी आसनालाच उभं सोडून आडवं व्हावं लागलं. माणसानं आसनापर्यंत जायचं ही आजवरची रीत. इथं आसन माणसापर्यंत आलं.

पुढच्या पंचाहत्तर वर्षांतलं त्यांचं बरंचसं काम हे याच एका उलटापालटीचा विस्तार आहे असं मला वाटतं. ती एका दिवसात झाली नाही हेही खरं. तरुणपणीचे अय्यंगार शिस्तीचे, तापट, शिष्याच्या पाठीत धपाटा घालणारे म्हणून ओळखले जात. १९६६ साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात दोनशे आसनं आहेत आणि छायाचित्रांत ती सगळी त्यांनी स्वतः, कसल्याही आधाराशिवाय, करून दाखवली आहेत. ते पुस्तक म्हणजे करून दाखवण्याच्या शिक्षणाचा कळसच. पण त्याच वर्षांत त्यांच्या वर्गात विटा, काठ्या, दोर, घोंगड्या, बाकं जमू लागली होती. संसाराला लागतात तशीच ही चीजवस्तू. भिंतीत आकडे ठोकून त्यांना दोर बांधायची कल्पना गुरू कृष्णमाचार्यांकडून आलेली. बाकीचं बहुतेक सगळं सुतार, लोहार, शिंपी यांना समोर बसवून, हे असं नको तसं कर म्हणत, पुण्यातच घडलं.

यातली सर्वांत गमतीची वस्तू म्हणजे पत्र्याची घडीची खुर्ची. मंगल कार्यालयात, सत्यनारायणाला, सोसायटीच्या सभेला आपण जिच्यावर बसतो तीच. फक्त तिच्या पाठीचा पत्रा काढून टाकलेला, नुसती चौकट उरलेली. त्या चौकटीतून पाय पलीकडे घालायचे, पाठीकडे तोंड करून बसायचं, चौकट धरून अंग वळवायचं. गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर मांडी घालता न येणाऱ्या बाईला भारद्वाजासनातला पिळा असा बसल्या जागी मिळतो. त्याच खुर्चीवर, मात्र शिक्षक शेजारी उभा असताना, सर्वांगासनही करतात. मग मानेवर भार न पडता छाती उघडते. खुर्ची तशी स्वस्तातली. व्यायामशाळेतल्या चकचकीत यंत्रांशेजारी ती ठेवली तर कुणी तिला हात लावणार नाही.

या आधारांच्या मुळाशी एक शारीरिक मर्म आहे. ते प्रयोगशाळेत उलगडलं पुष्कळ उशिरा.

तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून बातमी घेतं: डोळे, आतला कान, आणि तळपाय-घोटे-सांध्यांतली जाणीव. वय वाढतं तशी तिन्ही ठिकाणची बातमी उशिरानं आणि अस्पष्ट येते. मधुमेहानं नसा बिघडल्या असतील तर तळव्यांची बातमी जवळजवळ बंदही पडू शकते. एकदा पडलेल्या माणसाच्या मनात भीती बसते. मग तो पाय ताठ धरून, श्वास रोखून, खाली बघत चालतो. त्या ताठरपणानंच तोल अधिक जातो. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी १९९४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला एका पायाच्या चवड्यापुढं दुसऱ्याची टाच येईल असं, रांगेत पावलं ठेवून उभं केलं. त्याला बोटाच्या टोकानं शेजारची पट्टी फक्त शिवायची मुभा दिली. शिवण्याचा जोर एक न्यूटनच्या आत, म्हणजे शंभर ग्रॅमचं वजन हातावर ठेवल्याइतकाही नाही. इतक्या जोरानं शरीराला आधार मिळणं अशक्य. तरीही शरीराचं डुलणं लक्षणीय कमी झालं. बोटानं आधार दिला नव्हता, बातमी दिली होती. जमीन कुठं आहे, मी कुठं आहे, हे कळलं.

भिंतीला पाठ लावून त्रिकोणासन करणाऱ्या आजोबांना भिंत हेच सांगत असते. म्हणून ‘भिंत धरून केलं म्हणजे खरं केलं नाही’ ही आपली समजूत चुकीची. भिंतीशी उभ्या माणसाची भीती उतरते, भीती उतरली की ताठलेले स्नायू सैल होतात, आणि मग जो स्नायू खरोखर काम करायचा तो कामाला लागतो. पाठीवर निजून तळवे भिंतीला लावले तर भिंतच जमीन होते. उभं न राहता उभं राहण्याचा पाठ गिरवता येतो. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर तो भिंत कधी सोडायची, बोटापुरती कधी ठेवायची, हे ठरवू शकतो. ठाऊक नसेल तर भिंत नुसती कुबडी होते.

चालण्याचंच घ्या. म्हातारा माणूस लहान लहान पावलं टाकतो. आपण म्हणतो, वय झालं. पण नीट पाहिलं तर मागचा पाय मागं जातच नाही. वर्षानुवर्षं खुर्चीत, सोफ्यावर, गाडीत बसून जांघेपुढचे स्नायू आखडलेले असतात. ते मांडीला शरीराच्या मागं जाऊ देत नाहीत. मागं जागा नाही म्हणून पाऊल आखूड. अय्यंगार पद्धतीचा एक छोटा अभ्यास २००५ साली अमेरिकेत झाला. बासष्ट ते त्र्याऐंशी वयाच्या १९ जणांनी आठ आठवड्यांचा हलका अभ्यासक्रम पुरा केला, आणि चालताना पाय मागं जाण्याचं प्रमाण आणि पावलाची लांबी दोन्ही वाढली. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळं त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. २०१३ साली सिडनीत ५४ ज्येष्ठांवर बारा आठवड्यांचा, तुलनेच्या गटासह प्रयोग झाला. त्यात तोल आणि हालचाल सुधारल्याचं दिसलं. आता तोल सुधारला म्हणजे पडणं कमी झालंच, असंही नाही. ती दोन वेगळी मोजमापं आहेत. आसनांचा प्रचार करणारे हा फरक सोयीस्करपणे गिळून टाकतात.

पडणं कमी होतं हे ज्यात पक्कं दिसलं तो कार्यक्रम न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला. ऐंशी आणि त्याहून जास्त वयाच्या २३३ बायका, सगळ्या आपापल्या घरी राहणाऱ्या. फिजिओथेरपिस्ट घरी जाऊन पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवायची. घोट्याला वजनाच्या पट्ट्या बांधायच्या, शिवाय चालायचं. वर्षभरात व्यायाम न केलेल्या गटात पडण्याच्या घटना १५२, केलेल्या गटात ८८. हे १९९७ साली प्रसिद्ध झालं. यातला वजनाच्या पट्ट्यांचा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण अय्यंगार पद्धतीची उणी बाजू तिथंच आहे.

स्नायूला ताकद हवी तर त्याच्यावर वाढता भार पडायला हवा, आणि हे नव्वदीतही लागू आहे. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा दुबळ्या लोकांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. वजनही लुटुपुटुचं नव्हे, झेपेल त्याच्या जवळपास जाणारं. नऊ जणांनी ते पुरं केलं. त्यांच्या मांडीच्या ताकदीत सरासरी १७४ टक्के वाढ झाली, दोघांची काठी सुटली. १९९० साली हा निष्कर्ष आला तेव्हा डॉक्टरांनाही तो पचायला जड गेला. म्हाताऱ्यांनी जपून राहावं, दमू नये, हीच तोवरची शिकवण. त्याच अभ्यासातली पुढची ओळ मात्र कुणी सांगत नाही. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत बत्तीस टक्के ताकद गेली. बँकेत ठेव ठेवल्यासारखं हे काम नाही, रोजच्या पाण्यासारखं आहे.

एवढ्यासाठीच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर नुसतं चालायला सांगून थांबत नाही. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम असं ती सांगते. आपल्याकडं पहाटे बागेत फेऱ्या मारणारे शेकड्यांनी दिसतात, टाळ्या वाजवत हसणारेही. हास्यक्लबाची सुरुवात १९९५ साली मुंबईतल्याच एका बागेत झाली. दोन्ही चांगलं, निदान घराबाहेर तरी पडणं होतं. पण बाकावर हात न टेकता किती जण उठतात ते पाहा. तीस सेकंदांत हातांची घडी घालून खुर्चीतून किती वेळा उठता येतं, अशी एक चाचणी आहे. पासष्ट ते एकोणसत्तर वयात बाईला अकरापेक्षा आणि पुरुषाला बारापेक्षा कमी वेळा जमलं तर पडण्याचा धोका धरतात. आकडे अमेरिकेतले आहेत, आपल्या गुडघ्यांना तंतोतंत लागू होतीलच असं नाही. तरी आमच्या एका बैठकीत मी ही चाचणी घेतली, तेव्हा रोज सहा किलोमीटर चालण्याबद्दल बोलणारे एक सद्गृहस्थ आठव्यालाच खुर्चीला चिकटले. त्यांनी खुर्चीला दोष दिला.

पाटावर जेवण, जमिनीवर निवडणं-टिपणं, उकिडवं बसून कपडे धुणं, भारतीय पद्धतीचा संडास: उठबस हा शब्दच आपल्याकडे जगण्याला समानार्थी होता. कुणाची कुठं उठबस आहे, असं आपण विचारतो. ती गेली ते एका अर्थी बरंच झालं. त्यात बायकांची कंबर मोडत होती, हे विसरून जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण उठबशीबरोबर गेलेलं मांडीचं बळ दुसऱ्या कुठल्या मार्गानं परत आणायचं, हा हिशेब कुणी केला नाही. तो आता शिक्षकाला करावा लागतो.

पुन्हा अय्यंगारांकडे येऊ. १९७३ साली त्यांच्या पत्नी रमामणी गेल्या, आणि शिवाजीनगरात त्यांच्या नावानं उभारलेली संस्था १९७५च्या जानेवारीत सुरू झाली. एव्हाना ते जगप्रसिद्ध झाले होते. आणि मग १९७९ साली, तीन महिन्यांच्या अंतरात, त्यांना स्कूटरचे दोन अपघात झाले. पाठीचा कणा, खांदा, गुडघे, सगळीकडे मार. साठीतला माणूस, चार दशकांचा सराव, आणि सोप्यात सोपं आसनही होईना. जी साधनं इतरांसाठी बनवली होती, ती आता स्वतःसाठी घ्यावी लागली. पहिल्यापासून सुरुवात, पुढची कित्येक वर्षं.

माझ्या मते त्यांचं वृद्धांचं शिक्षक होणं पुरं झालं ते इथं. पंच्याऐंशीच्या गृहस्थांना निजवून शिकवताना तरुण मास्तरानं समोरच्याचं शरीर बघायला सुरुवात केली होती. आता ते शरीर आतून कळलं. हात खांद्याच्या वर जात नाही म्हणजे काय, उठताना कुठं जीव जातो, आधार किती बोटं उंच असला म्हणजे दुखणं थांबतं. त्यांच्या वर्गात घोंगडीची घडी एक की दीड यावरून जो खल चालतो, तो बाहेरच्याला कर्मठपणा वाटतो. अर्ध्या इंचानं कंबरेचा कोन बदलतो, हे दुखणाऱ्यालाच कळतं. कन्या गीता अय्यंगार यांनी हेच काम बायकांच्या बाजूनं पुढं नेलं. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारातून त्या या अभ्यासाकडे वळल्या होत्या. ऋतुसमाप्तीच्या वयात काय करावं, काय टाळावं यावर त्यांनी १९८०च्या दशकात लिहिलं, तेव्हा तो विषय घरातही कुजबुजत बोलला जाई.

आज व्यायामशाळेतला एखादा तिशीचा प्रशिक्षक ज्येष्ठांकडे वळतो तेव्हा बहुधा कारण साधं असतं: सकाळी दहानंतर व्यायामशाळा रिकामी असते आणि त्या वेळी येऊ शकणारे फक्त निवृत्त लोक. माझ्या ओळखीच्या एकाची सुरुवात अशीच झाली. पहिल्या दिवशी त्यानं संगीत मोठ्यानं लावलं आणि अर्ध्या जणांना सूचनाच ऐकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ‘चला, दहा मारा’ म्हणाला, तर एक आजी म्हणाल्या, “बाळा, आधी खाली कसं बसायचं ते सांग.” तो सांगतो, की मला स्वतःला खाली बसताना काय होतं हेच ठाऊक नव्हतं, मी नुसता बसायचो. घरी आरशासमोर पन्नासदा उठबस करून त्यानं क्रम बसवला: खुर्ची धर, एक पाय मागं, त्याचा गुडघा खाली, मग दुसरा, मग बूड कुशीवर. आता तो ताकदीसाठी वजनं देतो, तोलासाठी भिंत, आणि प्रत्येक वहीत औषधांची नोंद ठेवतो. कारण रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस वाकून झटकन उठला की डोळ्यांपुढं अंधारी येते. ही कुठल्याही पंथाची शुद्ध पद्धत नाही. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ती आवडणार नाही, पण ओटागोची पट्टी आणि पुण्याची खुर्ची एका खोलीत नांदू शकतात.

अय्यंगार २० ऑगस्ट २०१४ रोजी पुण्यात वारले, पंच्याण्णवाव्या वर्षी. नव्वदी उलटल्यावरही सकाळी संस्थेच्या त्याच हॉलमध्ये, देशोदेशींच्या विद्यार्थ्यांच्या गर्दीत, त्यांचा स्वतःचा सराव चाले. बहुतेक वेळ लाकडी बाकावर मागं वाकून, डोकं खाली, पांढरे केस लोंबते, पायांना पट्टे. दीर्घकाळ तसं राहायचं. बघणाऱ्याला वाटे म्हातारबाबा झोपलेत. तेवढ्यात त्या उलट्या अवस्थेतूनच नात अभिजाताला सूचना येई, की पलीकडच्या त्या माणसाला खुर्ची दे.